अळवावरचे पाणी, जोयड्यात

क्षणभर टिकणाऱ्या गोष्टीला आपण अळवावरचे पाणी म्हणतो. संतांपासून शाळामास्तरांपर्यंत सगळ्यांनी हा दाखला वापरून गुळगुळीत केला आहे. पण ज्याने हा दाखला पहिल्यांदा दिला, त्याने जोयड्याचा आषाढ पाहिला नसावा. तिथे पाणी अळवावरून घरंगळते खरे, पण पानाच्या टोकाशी आणि कडेला येऊन थबकते. तीन-तीन दिवस ऊन पडत नाही. तेवढा वेळ रोगाला पुरतो.

मोले मागे टाकून अनमोडचा घाट चढलो की आपण जोयडा तालुक्यात पोचतो. गोव्यातूनच पूर्वी वर गेले असे सांगणारे कुणबी इथल्या रानातल्या वाड्यांत राहतात आणि आपल्याला सहज कळेल अशी कोकणी बोलतात. त्यांची मुडली म्हणजे आपल्या माडीचीच थोरली बहीण, अळवाचा भलाथोरला कंद. अलीकडच्या वर्षांत जोयड्यात जानेवारीला कंदांचा मेळा भरतो. तिथे एकेक मुडली पाहून आपला शहरी माणूस तोंडात बोट घालतो. मेळ्याला सगळे जातात. श्रावणात मळ्यात कोणी जात नाही. मी गेलो तेव्हा एका आजीच्या परसातला अर्धा वाफा करपलेला होता. "पान लासलें, पुता," एवढेच ती म्हणाली.

लासलें हा शब्द किती नेमका आहे! आधी पाण्याने भिजल्यासारखा बारीक काळपट ठिपका दिसतो. मग तो एकात एक वलये काढत वाढतो. सकाळी लवकर पाहिले तर कडेला पांढरट भुकटी दिसते आणि पानाखाली केशरी-तपकिरी थेंब साचलेले असतात. निरोगी पान महिना-सव्वा महिना टिकते. लागलेले दहा-वीस दिवसांत लोंबते. पान गेले की कंदाला पोसणार कोण? आपल्या देशात या रोगाने पंचवीस ते पन्नास टक्के पीक जाते असे अभ्यासक सांगतात. बाजारात विकणाऱ्याचे पैसे बुडतात. कंद खाऊन पावसाळा काढणाऱ्याचे काय बुडते ते वेगळे सांगायला नको.

या करप्याचे शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा कोलोकेसी. १९०० साली रासिबोर्स्की यांनी जावा बेटावर त्याचे वर्णन केले, आणि १९१३ मध्ये बटलर आणि जी. एस. कुलकर्णी यांनी भारतातल्या अळवाच्या करप्यावर सविस्तर लिहिले. पोफळीचा कोळेरोग आणि १८४५ पासून आयर्लंडमध्ये उपासमार घडवणारा बटाट्याचा करपा ही याच घराण्यातली. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ खऱ्या बुरशीत धरत नाहीत. समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा तो लांबचा नातलग. त्याची बीजे पाण्याच्या पातळ थरात चक्क पोहतात.

हा भेद नुसता पंडिती नाही. आजीच्या मुलाला बाजारातल्या एका दुकानदाराने कार्बेन्डाझिम दिले होते. खऱ्या बुरशीच्या अनेक रोगांवर ते चालते. या घराण्यावर चालत नाही. पैसे गेले, पाने गेली. मेटालॅक्सिल आणि मॅन्कोझेबचे मिश्रण किंवा एक टक्का बोर्डो मिश्रण (शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना) उपयोगी पडते, पण रोग पसरण्याआधी, पावसाची उघडीप साधून. आणि फवारा पुन्हा अळवावरचे पाणीच! चिकटवण्याचे द्रव्य मिसळल्याशिवाय तो पानावर ठरत नाही. कुळागरवाल्यांना बोर्डोची सवय आहे, कोळेरोगासाठी ते दरवर्षी पोफळीवर चढतात. परसातल्या अळवाची गोष्ट निराळी, कारण त्याचे पानच आपण खातो. चवथीच्या दिवसांत ज्या पानाची भाजी किंवा पातोडे करायचे त्यावर मेटालॅक्सिल मारायला माझा जीव धजणार नाही.

त्यापेक्षा जुनी, कंटाळवाणी कामेच बरी. ठिपका दिसताच सकाळी पान कापून वाफ्याबाहेर नेऊन पुरावे किंवा जाळावे. रोपांत अंतर सोडावे, वारा खेळू द्यावा. वळिवाच्या सरींवर लवकर लागवड करावी, म्हणजे मोठा पाऊस येईपर्यंत कंद बराच धरतो. ओहोळाकाठच्या रानटी तेऱ्यावरही हा रोग जगतो, म्हणून वाफा त्याला लागून नसावा. आपल्या गोव्यात पावसाळ्यात तेरें नाही असा ओहोळ दाखवा, हा प्रश्न आहेच.

पण खरा आधार बियाण्याचा. सामोआ बेटांवर १९९३ मध्ये हा रोग पोचला. तिथे बहुतेक मळ्यांत लोकांना आवडणारी एकच जात होती. वर्ष-दीड वर्षात त्यांची अळकंदांची निर्यात जवळजवळ बंद पडली, आणि दुसऱ्या बेटांवरच्या जाती आणून संकर केल्यावर शेती सावरली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची मुक्तकेशी ही जात करपा बऱ्यापैकी सोसते. ती जरूर लावावी, मात्र मुडली उपटून नव्हे. मेळ्याचे कौतुक वाढेल तसा सगळ्यात मोठ्या कंदाचेच बी सगळीकडे जाईल, अशी मला धास्ती वाटते.

आजीच्या वाफ्यात, करपलेल्या रोपांच्या मधोमध, चार-पाच रोपे हिरवीगार उभी होती. प्रत्येकाशेजारी तिने बांबूची काठी रोवून जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. कंद खणायच्या वेळी पाने वाळून गेलेली असतात. श्रावणात कोण तगले होते ते तेव्हा ओळखता येत नाही. चिंधीखालचा कंद लहान निघाला तरी तो शिजवायचा नाही, बियाण्याला ठेवायचा.