नाण्यावरचे अक्षर

‘चलन’ या शब्दातच चालणे आहे. जे नाणे चालते ते हातोहाती फिरते, झिजते आणि अखेरीस मुशीत जाते. जे कोठेतरी थांबते, तेवढेच मागे उरते. नाणेसंग्राहकाचा सारा छंद या विसंगतीवर उभा आहे. व्यवहाराच्या दृष्टीने जे नाणे आपल्या कर्तव्याला चुकले, तेच त्याच्या लेखी रत्न ठरते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन सुवर्णनाण्यांच्या संग्रहात ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसून येते.

१८२२ सालचे पाच डॉलरांचे नाणे पाहावे. दहा डॉलरांच्या नाण्याला ‘ईगल’ म्हणत, म्हणून हे ‘हाफ ईगल’. टांकसाळीच्या नोंदीप्रमाणे त्या वर्षी असे १७,७९६ हाफ ईगल पाडले गेले. आज ज्ञात आहेत ते अवघे तीन. बाकीचे गेले कोठे? १७९२ च्या कायद्याने अमेरिकेत सोन्याचे मोल चांदीच्या पंधरापट ठरविले होते, तर फ्रान्समध्ये ते साडेपंधरापट होते. साहजिकच टांकसाळीतून निघालेले सोने व्यापारी युरोपात धाडीत आणि तेथे ते आटविले जाई. १८३४ साली नव्या नाण्यांतील सोने कमी करण्यात आले, तेव्हा जुन्या नाण्यांचे धातुमूल्य दर्शनी मूल्याहून अधिक ठरले आणि उरलीसुरली नाणीही मुशीची धनी झाली. वाचलेल्या तिघांपैकी दोन स्मिथसोनियन संस्थेत आहेत. तिसरे १९८२ साली ६,८७,५०० डॉलरांना आणि २०२१ साली ८४ लाख डॉलरांना विकले गेले. त्याचे वजन पाऊण तोळा. तेव्हा ही किंमत सोन्याची नव्हे, हे उघड आहे; ती नाहीशा झालेल्या सतरा हजारांची आहे.

दुर्मिळता म्हणजे अशा रीतीने एका नाशाचा हिशेब होय. परंतु हा हिशेब कशाचा मांडायचा, हे संग्राहकाच्या नजरेला शिकावे लागते. फिलाडेल्फियाच्या मुख्य टांकसाळीखेरीज इतरत्र ज्या शाखा निघाल्या, त्यांच्या नाण्यांवर स्थानदर्शक असे एक बारीक अक्षर असे. १८९३ साली ऑगस्टस हीटन या चित्रकार-संग्राहकाने या अक्षरांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तोवर बहुतेक संग्राहक केवळ साल पाहत. अक्षराकडे कोणाचे फारसे लक्ष नसे. हीटननंतर ते दिसू लागले, आणि ज्यांच्याकडे ढुंकूनही कोणी पाहत नसे, अशा नाण्यांचा शोध सुरू झाला.

त्यांपैकीच एक अक्षर ‘डी’. १९०६ पासून ते डेन्व्हरच्या नाण्यांवर येते. त्यापूर्वी, १८३८ ते १८६१ या काळात, ते जॉर्जिया राज्यातील डलॉनिगा या गावचे होते. १८२९ च्या सुमारास तेथील डोंगरांत सोने सापडल्याची वार्ता पसरली. भूमी चेरोकी लोकांची होती. १८३० मध्ये आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा झाला. १८३२ मध्ये जॉर्जियाने चेरोकींच्या जमिनी सोडत काढून गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटल्या. १८३८ च्या एप्रिलमध्ये डलॉनिगाच्या टांकसाळीत पहिले हाफ ईगल पडले. मे महिन्यात सैनिकांनी चेरोकी कुटुंबांना घरांतून काढून छावण्यांत कोंडण्यास आरंभ केला. पश्चिमेकडे हाकलल्या गेलेल्या सुमारे १६,००० जणांपैकी चार हजारांच्या आसपास माणसे दगावली, असा अंदाज केला जातो.

त्या वर्षीच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक आहे. तिच्या केसांवरील पट्टीत ‘लिबर्टी’ हा शब्द कोरलेला आहे आणि खाली, सालाच्या माथ्यावर, इवलासा ‘डी’. डलॉनिगा हे नाव ‘पिवळा’ या अर्थाच्या चेरोकी शब्दावरून आले आहे. म्हणजे ज्यांना त्या भूमीवरून उखडून टाकले, त्यांच्याच भाषेतील एका शब्दाचे आद्याक्षर त्या सोन्यावर उमटले. संग्राहकाच्या सूचीत मात्र किती नाणी पाडली, किती उरली आणि झीज कितपत, एवढ्याच नोंदी असतात. नाणी नाहीशी झाली त्याची मोजदाद तेथे आहे. माणसे नाहीशी झाली त्याची नाही.

म्हणून संग्राहकाला लोभी ठरवून हात झटकावेत, असे नव्हे. १९३३ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांजवळील सोन्याची नाणी सरकारजमा करण्याचा आदेश काढला, तेव्हा संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मूल्य असलेली नाणी त्यातून वगळली होती. जमा झालेली बहुतेक नाणी पुढे वितळवून त्यांच्या विटा केल्या गेल्या. त्या विटांवर ना साल, ना अक्षर. तेथे डलॉनिगाचे सोने आणि कॅलिफोर्नियाचे सोने यांत भेद करणारे काही उरले नाही. जी ‘डी’ नाणी आज साक्ष देऊ शकतात, ती या छंदिष्टांच्या हट्टामुळेच शिल्लक आहेत, हे मान्य केले पाहिजे.

परंतु साक्षीदार जपणे वेगळे आणि त्याची साक्ष ऐकणे वेगळे. हीटनने संग्राहकांना ते अक्षर पाहावयास शिकविले. ते कोणत्या शब्दाचे अक्षर आहे आणि तो शब्द कोणाच्या तोंडचा होता, हे वाचावयाचे काम त्यापुढचे आहे. आणि ते नुसत्या भिंगाने होण्यासारखे नाही.