वाचायला काही नव्हतं म्हणून

कवयित्री ओफेलिया झेपेडा यांना मी पहिल्यांदा ऐकलं ते टक्सनला, अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या पोएट्री सेंटरमध्ये. आवाज हळू, कुठेही चढवलेला नाही. वाळवंटातला पाऊस येण्याआधीचा वास, ढग, सग्वारो निवडुंगाची लाल फळं असं त्या वाचत होत्या, थोडं इंग्रजीत, थोडं आपल्या ओओधम भाषेत. ओओधम मला कळत नाही. तरी त्या ओळी संपूच नयेत असं वाटत होतं.

त्या तोहोनो ओओधम जमातीच्या. स्टॅनफील्ड या कापसाच्या गावात वाढलेल्या. घरची माणसं कापसाच्या शेतांत राबणारी. इंग्रजी भेटली ती शाळेत. पुढे भाषाशास्त्र शिकून त्यांनी आपल्या भाषेचं व्याकरण लिहिलं, ते १९८३ मध्ये छापून आलं. आणि कविता? विद्यापीठात त्या ओओधम शिकवायला लागल्या, तर विद्यार्थ्यांपुढे वाचायला ठेवावं असं त्या भाषेत फारसं काही नव्हतं. मग त्यांनी स्वतः लिहायला घेतलं, मुलांकडूनही लिहून घेतलं.

हे समजलं तेव्हा मला माझी शहाद्याकडची शाळा आठवली. माझ्या वर्गात भिलोरी, पावरी बोलणारी कितीतरी मुलं होती. पुस्तक मराठी, गुरुजी मराठी. ती मुलं वर्षभर गप्प बसायची, गुरुजी त्यांना मठ्ठ म्हणायचे, आणि चौथीपर्यंत त्यातली बरीचशी कापूस वेचायला गेलेली असायची. मठ्ठ ती नव्हतीच. त्यांच्या घरचं एक वाक्यसुद्धा त्या पुस्तकात नव्हतं.

इथे अमेरिकेत तर याहून कठोर घडलं. मी फिनिक्सला राहते. इथल्या इंडियन स्कूल रोडला ज्या निवासी शाळेवरून नाव पडलं, ती १८९१ ते १९९० चालली. अशा शाळांत आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून आणत आणि आपली भाषा बोलली म्हणून शिक्षा करत. ती शाळा बंद झाली त्याच १९९० साली, आदिवासी भाषा जपणं हे सरकारचं धोरण आहे असं सांगणारा कायदा अमेरिकेत झाला. पण कायद्याने पुस्तकं तयार होत नाहीत, ती माणसांनाच करावी लागतात. झेपेडा यांनी अनेक वर्षं टक्सनमध्ये उन्हाळी वर्ग चालवले. वेगवेगळ्या जमातींचे शिक्षक तिथे येऊन आपापल्या भाषेतले धडे रचायला शिकले. माझ्या लेखी हीच त्यांची चळवळ, आणि मोर्च्याइतकीच ती मोलाची आहे.

रविवारी मी इथल्या मराठी मुलांना मराठी शिकवते. आमच्याकडे बालभारतीपासून बालकवींपर्यंत सगळं हाताशी आहे. वाहरू सोनवणे मात्र आमच्या कपाटात नव्हते. ते आमच्याच शहाद्याकडचे भिल्ल कवी, श्रमिक संघटनेतले कार्यकर्ते, भिलोरीत आणि मराठीत लिहिणारे. त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह मी भावाकडून मागवून घेतला आहे. मोठ्या मुलांच्या वर्गात आता तो वाचायला घेणार आहे, झेपेडांच्या कवितांसोबत.