मागची पंगत

चार वडील माणसें एकत्र बसलीं आणि बोलणें जुन्या काळाकडे वळलें, म्हणजे तें राजकारणावर किंवा नोकरीचाकरीवर फार वेळ टिकत नाहीं; थोडक्याच अवकाशांत तें जेवणावर येतें, असा आमचा अनुभव आहे. कोणी अळूच्या फदफद्याची आठवण काढतो, कोणी घरीं कढविलेल्या तुपाची, तर कोणाच्या जिभेवर आजीच्या हातच्या मेतकूट-भाताची चव अजून रेंगाळत असते. आणि शेवटीं "तसें जेवण आतां राहिलें नाहीं" या वाक्यावर सर्वांचें एकमत होतें. हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें कितपत खरें आहे याचा एकदां शांतपणें विचार करावा, असें बरेच दिवस मनांत होतें.

कारण पदार्थ म्हणाल, तर ते कोठें गेलेले नाहींत. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, सांडगी मिरची, कुरडया, गुळाची पोळी, उकडीचे मोदक हें सर्व आज पुण्यामुंबईच्या बाजारांत तयार मिळतें. इतकेंच काय, परदेशीं गेलेल्या मुलामुलींच्या घरींही तें पोंचतें. कृतीही हरवल्या नाहींत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' १९१० सालीं निघालें, आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालीं. या दुसऱ्या पुस्तकानें तर वाटी-चमच्याचें माप घरोघर नेलें, आणि जी विद्या पूर्वीं सासूच्या हाताकडे पाहून शिकावी लागे, ती नव्या सुनेला एकटीनें शिकतां येईल अशी करून दिली. तेव्हां पदार्थ आहेत, कृति आहेत, आणि सामग्री तर पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक आहे. मग राहिलें नाहीं तें काय? आमच्या मतें, राहिली नाहीं ती पंगत.

१९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत पुण्यांतील पेठेंतल्या ज्या वाड्यांत आम्ही वाढलों, तेथें रोज पंधरा-सोळा पानें होत असत. माजघरांत पाट मांडले जात. सणाच्या दिवशीं पाटाभोंवतीं रांगोळी आणि पुढें केळीचें पान. पानाच्या वरच्या अंगास मध्यभागीं मीठ, डाव्या बाजूस लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर व लोणचें, उजव्या बाजूस भाज्या व आमटी, आणि मध्यें वरणभाताची मूद व तिजवर तुपाची धार. कोणता पदार्थ कोठें वाढावयाचा हें इतकें ठरलेलें असे कीं, आठ वर्षांची मुलगीही त्यांत चुकत नसे. वडील माणसांनीं चित्राहुति घालून आपोष्णी घेतल्याखेरीज कोणी घास उचलीत नसे. पहिला वरणभात, मधला मसालेभात आणि शेवटचा ताकभात अशा तीन भातांच्या मध्यें पक्वान्नाचा आग्रह चाले. आणि जिलबीवर पैज लागली म्हणजे पोरेंसोरें आपलें जेवण विसरून तिकडेच पाहात बसत.

ऋतु कोणता चालला आहे, हें कळण्यास पंचांग उघडावें लागत नसे. तें पानांतच दिसे. चैत्रांत हळदीकुंकवाला आंब्याची डाळ व पन्हें. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, कांद्याचीं भजीं व भरलीं वांगीं. कारण दोनच दिवसांनीं चातुर्मास लागून कांदा, लसूण व वांगें घरांतून हद्दपार होई. नागपंचमीस चिरणें व तळणें वर्ज्य, म्हणून उकडलेलीं पुरणाचीं दिंडें. ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचें कांहींही न खातां परसांत हातानें लावलेल्या भाज्यांची ती एकत्र भाजी. पौषांत संक्रांतीची गुळाची पोळी. ज्या गोष्टीची अकरा महिने वाट पाहावी लागे, तिची चव निराळीच लागे; आणि बाराही महिने सर्व कांहीं मिळूं लागल्यावर ती चव कमी झाली, यांत नवल नाहीं.

हें वाचून एखाद्या तरुण वाचकास वाटेल कीं, तीं घरें मोठीं संपन्न असलीं पाहिजेत. तसें मुळींच नव्हतें. दोघां मिळवत्या पुरुषांच्या पगारावर सोळा माणसें जेवत. आजी रोज सकाळीं अधोलीनें तांदूळ मोजून काढी. १९५८ पासून दशमान वजनें येऊं लागलीं, दुकानांतला शेर जाऊन किलो आला. पण आजीची अधोली जागची हलली नाहीं, कारण तिचा हिशेब वजनाचा नसून माणसांचा होता. अवचित पाहुणा आला तर आमटींत पाणी वाढे आणि ताक पातळ होई. परंतु पानावरून कोणी उपाशी उठला असें घडत नसे. हा जो कमीजास्त होणारा भाग, तो अखेर कोणाच्या पानांतून वजा होत असे? तें पाहावयाचें असेल, तर पहिली पंगत उठल्यानंतर माजघरांत थांबावें लागे.

पहिली पंगत पुरुषांची व मुलांची. दुसरी, म्हणजे मागची पंगत, आजी, आई, दोघी काकू व मोठी आत्या यांची. ती बसेपर्यंत दुपारचे दोन वाजत. आम्हां लहान मुलांना दोन्ही पंगतींत शिरकाव असे. पहिल्या पंगतीस जेवून आम्ही मागच्या पंगतीस आईच्या ताटाशेजारीं पुन्हां जाऊन बसत असूं. तेथें पाट नसत, रांगोळी नसे, श्लोक नसे. पातेलें मध्यें ओढून घेतलेलें असे, आणि त्यांत जें उरलें असेल तें पांच जणींत वाटलें जाई. भाजी संपलेली असली, म्हणजे लोणच्याचा खार पुरे. आणि तरीही खरें हंसणें-बोलणें तेथेंच चाले, हेंही सांगितलें पाहिजे.

आज ज्या पदार्थांना आपण 'घरची चव' म्हणतों, त्यांपैकीं कितीतरी या मागच्या पंगतीनें निर्माण केलेले आहेत. सकाळचा उरलेला भात फुकट जाऊं नये म्हणून फोडणीचा भात. शिळ्या पोळीचा कुस्करा. भाकरीचा ताकांतला काला. भाताच्या पातेल्याची खरवड. दोडक्याच्या शिरांची व दुधीच्या सालांची चटणी. तूप कढविल्यावर तळाशीं राहिलेल्या बेरींत कालविलेली साखर. यांपैकीं एकही पदार्थ सणाच्या पानांत वाढला जात नसे. पक्वान्नें पहिल्या पंगतीसाठीं होत. पण टंचाईंतून चव काढण्याची कला मागच्या पंगतीची होती, आणि आमच्या पिढीची जीभ घडविली ती तिनेंच.

मोठ्या आत्येविषयीं थोडें सांगावयास हवें. पंधराव्या वर्षीं वैधव्य येऊन ती माहेरीं आली, ती कायमचीच. अंगावर लाल अलवण, सोवळ्याचा सर्व स्वयंपाक तिच्याकडे, पुरणपोळी तिच्यासारखी पेठेंत कोणाची होत नसे. ती स्वतः दिवसांतून एकदांच जेवे. रात्रीं एखादें फळ किंवा वाटीभर दूध. १९५८ सालीं महर्षि धोंडो केशव कर्वे यांना भारतरत्न मिळालें, तेव्हां आमच्या पहिल्या पंगतीस त्या गोष्टीची मोठ्या अभिमानानें चर्चा झाली. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, त्यापूर्वीं विधवेशीं पुनर्विवाह केला म्हणून समाजानें त्यांना कसें वाळींत टाकलें, हें सर्व वडिलांनीं आम्हांला समजावून दिलें. त्या वेळीं आमटी वाढीत होती ती मोठी आत्या. तिनें सगळें ऐकलें, आणि "आणखी कोणाला हवी?" एवढेंच विचारून ती पुढच्या पानाकडे गेली.

या दोन पंगती आमच्या घरीं एकदां एक झाल्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं दोन्ही धरणें फुटून पुण्यांत पूर आला. आमचा वाडा उंचावर असल्यामुळें पाणी तेथपर्यंत आलें नाहीं. पण नारायण पेठेंतले दोन आप्तांचे संसार भिजल्या वस्त्रांनिशीं आमच्याकडे आले. घरांत तीस माणसें, दिवे नाहींत, नळाला पाणी नाहीं. अडगळींत पडलेला वाड्यांतला आड उपसून पाणी काढलें, आणि कंदिलाच्या उजेडांत मोठ्या पातेल्यांत मुगाची खिचडी झाली. सोवळ्याचा विचार त्या रात्रीं कोणास सुचला नाहीं. आजोबा म्हणाले, "आज पंगत एकच. सगळ्यांनीं बसा." बायका भिंतीशीं उभ्याच राहिल्या. तेव्हां आजी आईला म्हणाली, "अगं, बस. ते सांगताहेत ना." आई बसली, काकू बसल्या, शेवटीं आत्याही बसली, मात्र आतां वाढणार कोण, हें कोणास समजेना. घडीभर सर्व स्तब्ध झालें. मग आजोबांनीं स्वतः पळी उचलली, आणि पहिली खिचडी मोठ्या आत्येच्या ताटांत पडली.

नळ सुरू झाले, आप्त आपापल्या घरीं गेले, आणि घर बहुतेक पूर्ववत् झालें. एक गोष्ट मात्र बदलली. मागच्या पंगतीच्या वांट्याचें अन्न पहिल्या पंगतीस वाढण्यापूर्वीं बाजूला काढून झांकून ठेवावें, असें आजोबांनीं सांगितलें. आणि तें पाळलेंही गेलें. तथापि अशी रीत एका शब्दानें रुजत नाहीं. पाहुणा आला कीं, झांकलेल्या भांड्यांतील भाजी मुकाट्यानें पुन्हां पातेल्यांत जाई. आणि ती ओतणारा हात आईचाच असे.

१९६५ सालीं पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनीं आठवड्यांतून एक वेळचें, सोमवारच्या रात्रीचें, जेवण सोडण्याचें आवाहन केलें. आमच्या घरीं तें निष्ठेनें पाळलें गेलें. पुरुषांनीं देशासाठीं आठवड्याचें एक जेवण सोडलें, याचें कौतुक सर्वांनीं केलें, आणि तें योग्यच होतें. मोठी आत्या मात्र चाळिसांहून अधिक वर्षें रोजचें एक जेवण सोडीत आली होती. त्याची नोंद कोठेंच नव्हती. पुढें १९७२ च्या दुष्काळांत शिधावांटपाच्या दुकानांत परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळूं लागली. तिची भाकरी थापतां थापतां फुटे आणि घशाखालीं उतरत नसे. घरांत थोडा गहू असे. त्याच्या पोळ्या मुलांना व कचेरींत जाणाऱ्यांना, आणि मिलोची भाकरी मागच्या पंगतीस, अशी वांटणी कोणीं न सांगतांच झाली.

एवढें सर्व ध्यानांत घेतल्यावर "तसें जेवण आतां राहिलें नाहीं" या वाक्याचे दोन अर्थ होतात. एका घरांत आज चार माणसें चार वेळांना, शीतकपाटांतून काढून गरम केलेलें अन्न एकेकटीं जेवतात. कोणी कोणासाठीं थांबत नाहीं, कोणी कोणास आग्रह करीत नाहीं. ही हानि खरी आहे, आणि तिचें दुःख करणारांस आम्ही हंसणार नाहीं. परंतु ज्या घरीं सून व सासरा एकाच मेजावर एकाच वेळीं गरम पोळी खातात, त्या घरीं तसें जेवण राहिलें नाहीं हें फार चांगलें झालें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं घरांत अशाच गोष्टी चालल्या असतां आम्हीं आईला विचारलें, "तुला जुन्या जेवणांतलें काय आठवतें?" आम्हांला वाटलें, ती श्रीखंड म्हणेल, नाहीं तर आत्येची पुरणपोळी. ती म्हणाली, "तव्यावरची पोळी. इतक्या केल्या, पण गरम असतांना माझ्या पानांत कधीं पडली नाहीं." हें तिनें तक्रार म्हणून सांगितलें नाहीं, विचारलें म्हणून सांगितलें.

तेव्हां जुन्या पंगतीचें काय ठेवावें, हा प्रश्न आमच्या मतें कठीण नाहीं. एका वेळीं बसावें, एकमेकांसाठीं थांबावें, असेल तें सर्वांत वांटावें आणि दाराशीं आलेल्यास पान मांडावें, एवढें ठेवावें. वाढणाऱ्याची पाळी मात्र फिरती असावी, आणि तींत पुरुषांचेंही नांव असावें. पक्वान्नांच्या आठवणी पहिल्या पंगतींत बसलेल्यांनीं आजवर पुष्कळ लिहिल्या आहेत. मागच्या पंगतींत बसलेल्या बायका आतां ऐंशी-नव्वदीच्या घरांत आहेत, आणि ज्या घरांत त्या आहेत, त्या घरानें फार दिवस थांबूं नये. त्या काय रांधीत हें आपणांस ठाऊक आहे; त्या काय जेवत, हें त्यांच्याजवळ बसून एकदां विचारून घ्यावें.