अर्धा फेर

लेथची क्रॉस स्लाइड लॉक करायचा स्क्रू बोटाच्या पेराएवढाही नसतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा पहिला महिनाभर तो मला दिसलाही नव्हता. दिसला तो एका थ्रेशरच्या शाफ्टमुळे.

35 मिमीचा शाफ्ट. पुढे पुलीची जागा, तिच्यात कीवे आधीच पाडलेला, आणि मागे 6207 बेअरिंगची बैठक. ही बैठक 35.002 ते 35.018 मिमीत बसावी लागते. म्हणजे मोकळीक सोळा मायक्रॉनची. शेवटचा कट चालू होता. कीवेची कड टूलवर टक्‌टक् आदळत होती आणि त्या हादऱ्यांनी क्रॉस स्लाइडचं हँडल माझ्या नकळत उलटं सरकत होतं. बैठकीपर्यंत पोचेस्तोवर माप वाढलं. मायक्रोमीटर लावून मेस्त्रींनी मला बाजूला केलं. स्लाइडच्या कडेला जिबचा मधला स्क्रू होता, त्यात एलन की घातली आणि जेमतेम अर्धा फेर दिला.

"आवळायचं न्हाई. नुस्तं धरायचं," ते म्हणाले.

मग डायल गेज लावून दाखवलं. स्क्रू धरताना सुई दोन घरं हलली होती. लॉक करताना स्लाइड स्वतःच किंचित सरते, म्हणून आधी लॉक, मग माप आणि मगच कट. व्यासावर चूक दुप्पट दिसते: स्लाइड 0.02 सरली की शाफ्ट 0.04 ने बदलला. हा हिशोब मी त्या दिवशी शिकलो आणि अजून रोज करतो.

पूर्वी धातू कातायचा तोही लाकडाच्या कातारीसारखा, हत्यार हातात धरून. लंडनच्या हेन्री मॉडस्लेने 1800 च्या सुमारास स्लाइड रेस्टवर टूल बसवून स्क्रू कापणारा लेथ उभा केला, आणि धरायचं काम हाताकडून लोखंडाकडे गेलं. पण लोखंडही झिजतं. नट झिजतो, जिब सैल होते, बॅकलॅश वाढतो. तेव्हा तो अर्धा फेर माणसालाच द्यावा लागतो.

माझ्या हातून मोठं नुकसानही याच स्क्रूने झालं. टर्निंग संपवून घाईत फेसिंगला लागलो, लॉक तसाच, आणि ऑटो फीड टाकला. आतून करकर आवाज आला. क्रॉस स्क्रूच्या गनमेटल नटाचे आटे साफ गेले. लेथ दोन दिवस बंद. मेस्त्रींनी शेजारच्या लेथवर उलट्या आट्यांचा नवा नट स्वतः कातला. रागावले नाहीत, फक्त नियम घालून दिला: लॉक असेल तर की स्क्रूवरच राहील, लॉक काढला की खिशात. की दिसली, तर क्रॉस फीडला हात लावायचा नाही. मला हा नियम कुठल्याही पाटीपेक्षा भारी वाटतो, कारण तो वाचावा लागत नाही.

पुढे स्वतःचा जुना लेथ घेतला. त्याला लॉकच नव्हता. जिबच्या दोन स्क्रूंच्या मध्ये 5 मिमीचं भोक पाडलं, एम 6 चा टॅप मारला आणि स्क्रूच्या टोकापुढे पितळेचा छोटा तुकडा घातला, म्हणजे जिबला चरा पडू नये. टॅप मारताना हात थरथरत होते. दुसऱ्याचा जॉब बिघडला तर नवा करता येतो, आपल्या लेथला भोक एकदाच पडतं.

आता पुतण्याच्या शेडमध्ये सीएनसी आहे. तिथली स्लाइड सर्व्हो मोटर धरून ठेवते, जरा हलली तरी जागेवर आणते. मशीन उत्तम आहे. पण गावाकडून एकच शाफ्ट दुरुस्तीला आला, त्यात कीवे जुना असला, की तो माझ्याकडेच येतो.

दर खंडेनवमीला लेथ पुसताना मी तो स्क्रू काढतो आणि पितळेचा तुकडा तळहातावर घेऊन बघतो. यंदा तो बसून पातळ झाला होता, म्हणून नवा घातला. की माझ्या खिशातच आहे.