दीड तोळ्याची गोळी

मामेभाऊ टेक्सासात राहतो, पण त्याचे हात अजून जालन्याचे आहेत. एमआयडीसीत लेथवर शिकलेला माणूस. बोलताना अजून ‘दोन थाऊ कमी’ असंच म्हणतो. आपल्या गावात सळई सुतात मोजतात, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि सध्या तो या थाऊंच्याच मागे लागला आहे. त्याने तिकडे एक जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलंय, मार्क सहा, ब्रिटिश फौजेने १९१५ साली स्वीकारलेलं. त्याची काडतुसं तो घरी हाताने भरतो. तिथे ते चालतं. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि ते ठीकच आहे. मला यात गोडी आहे ती मापाची.

त्याची पहिली तक्रार होती, नेम लागत नाही. म्हटलं, कडक गोळी वापरतोस का रे? अनेक वेब्लींमध्ये एक खोड असते. सिलिंडरच्या घराचं पुढचं तोंड नळीपेक्षा किंचित अरुंद असतं. शिशाची कडक गोळी तिथून जाताना दबून बारीक होते आणि पुढे रुंद नळीत सैल पडते. नळीच्या आट्यांना तिला धरताच येत नाही, मग ती फिरणार कशी आणि सरळ जाणार कशी? जुन्या कारागिरांना हे माहीत असावं. त्यांची गोळी मऊ शिशाची आणि बुडाशी पोकळ होती. मागून दाब आला की बूड फुगे आणि नळी भरून काढी.

आमच्याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, असईच्या शिवारात हीच अडचण मोठ्या आकारात होती. २३ सप्टेंबर १८०३ची इंग्रजांशी लढाई. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या शंभरच्या आसपास तोफा. तोंडातून ठासायची तोफ, म्हणजे गोळा नळीपेक्षा लहान हवाच, नाहीतर आत सरकणार कसा? त्या फटीतून दारूचा जोर निसटे, गोळा भिंतींवर आपटत बाहेर पडे. तरी आपल्या गोलंदाजांनी इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मारून त्या जागीच थांबवल्या. काही जण तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि शत्रूची फळी पुढे गेल्यावर उठून पाठीमागून पुन्हा बत्ती दिली. इंग्रज सेनापती वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. आपण हरलो, त्या हरण्याचं खापर तोफखान्यावर फोडावं असं मला मुळीच वाटत नाही.

वेब्लीची नळी मोजायची कशी, हाही एक पेचच आहे. मऊ शिशाचा तुकडा हलक्या हाताने ठोकत नळीतून पार करायचा आणि त्यावर उठलेला ठसा मोजायचा. पण या नळीला आटे सात. विषम संख्या, म्हणून एका खाचेच्या समोर दुसरी खाच येत नाही, उंचवटा येतो. साधा मायक्रोमीटर फसवतो. त्यासाठी व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो. हे कळल्यावर भाऊ जेवढा हसला तेवढा लग्नातही हसला नसेल.

आता वजन. त्या गोळीचं मूळ वजन २६५ ग्रेन. आपला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे दीड तोळ्याला पाच ग्रेन कमी. गोळी जड, पण खरी जपणूक दारूची. ती ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. आपल्या सराफ्यातली गुंज दोन ग्रेनलाही थोडी कमी, तिचा हा साधारण एकोणिसावा भाग. बिनधुराची दारू काडतुसात तळाशी चिमूटभर बसते. चुकून दुसऱ्यांदा ओतली तरी मावते, आणि मग सिलिंडर फुटतो. म्हणून भाऊ प्रत्येक काडतुसात दिव्याखाली डोकावतो, मगच गोळी बसवतो.

तिकडे विकायला नेलेल्या बऱ्याच वेब्लींच्या सिलिंडरची मागची कड तासून त्यांत अमेरिकन पंचेचाळीसची पिस्तुलाची काडतुसं बसतील असं केलं गेलं. बसतात, पण त्यांचा दाब या जुन्या पोलादाला जास्त. बसतं म्हणून चालतं, हा हिशेब मला सळईतही मान्य नाही, इथे तर अजिबात नाही.

नवखे लोक आधी काडतुसं दाबायचं महागडं यंत्र घेतात. माझं मत उलट आहे. पैसे आधी काट्यावर आणि मायक्रोमीटरवर घालावेत, यंत्र एका वेळी एकच काडतूस करणारं असलं तरी पुरतं. छापील तक्त्यातलं माप दुसऱ्याच्या नळीचं असतं. आपल्या हातातली नळी आपणच मोजावी लागते.