ताकद कुठे सोडायची

औद्योगिक पॉलिस्टर सुताचं माहितीपत्रक हातात पडलं की नजर आधी एकाच रकान्यावर जाते: ग्रॅम प्रति डेनिअर, म्हणजे सुताच्या जाडीच्या मानाने त्याची ताकद. शर्टाच्या सुताला साधारण चार-पाच, टायरच्या किंवा पट्ट्याच्या सुताला आठ-नऊ. हा आकडा चढवत नेला की मजबूत पॉलिस्टर तयार झालं, असा समज खरेदी करणाऱ्यांत आहे आणि आम्हा बनवणाऱ्यांतही तो चांगला मुरलेला आहे. मला तो अपुरा वाटतो. ताकद कशी चढवायची हे पुष्कळांना येतं. हातात आलेली ताकद कोणत्या गुणासाठी आणि किती सोडून द्यायची, हे ठरवायला खरी कारागिरी लागते.

१९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी जे रसायन शोधलं, आपल्याकडे ठाण्याच्या कारखान्यातून जे ‘टेरीन’ म्हणून बाहेर पडलं आणि टेरीकॉटच्या कपड्यांतून घरोघर पोचलं, तेच रसायन आज टायरमध्येही आहे. फरक पहिल्यांदा पडतो तो रेणूच्या साखळीच्या लांबीत. कपड्यासाठीच्या चिप्स निर्वात टाकीत किंवा नायट्रोजनमध्ये दोनशे ते दोनशेवीस अंशांवर तासन् तास ठेवल्या की न वितळताच त्यांच्या साखळ्या वाढतात. मात्र साखळी लांबली की वितळलेला रस घट्ट होतो, तो वाहता ठेवायला तापमान वाढवावं लागतं आणि त्या उष्णतेत कमावलेल्या साखळ्यांपैकी काही तुटतात. चिप्समध्ये नावालाही ओल राहिली तर पाणीच त्या तोडतं. म्हणजे पहिल्याच पायरीवर थोडी कमाई परत द्यावी लागते.

मग कताई. स्पिनरेट या चकतीच्या बारीक भोकांतून पडणाऱ्या धारा लगेच गार होऊ नयेत म्हणून खाली तापवलेली कॉलर बसवतात. धारेतल्या साखळ्या तिथे मोकळ्या राहतात, आणि मगच गरम गोडेटांवर (रुळांवर) त्यांना पाच-सहा पट खेचता येतं. खेचीने साखळ्या एका दिशेला लागतात, सूत मजबूत होतं. पण असं ताणलेलं सूत पुन्हा तापलं की आखडतं, कारण स्फटिकांच्या मधल्या साखळ्या ताणातच अडकून राहिलेल्या असतात. टायर साच्यात भाजताना हेच सूत आखडू लागतं आणि टायरचा आकार बिघडवतं. यावर निघालेला उपाय वरवर उलटा वाटतो. सूत स्पिनरेटखालूनच वेगाने ओढायचं, म्हणजे काही मांडणी आणि काही स्फटिक तिथेच तयार होतात. पुढे मात्र खेच कमी द्यायची. तुटण्याची ताकद थोडी उतरते, आखडणं बरंच कमी होतं आणि ताठरपणा टिकतो. मोटारींच्या रेडियल टायरच्या आतल्या थरात अशा सुताने जम बसवला. माहितीपत्रकावर ते ‘कमी मजबूत’ दिसतं, रस्त्यावर तेच जास्त उपयोगी पडतं.

नॉनवोव्हनमध्ये, म्हणजे न विणलेल्या कापडात, हा व्यवहार डोळ्यांना दिसतो. कार्डिंगमधून (तंतू विंचरण्यातून) निघालेली, थरावर थर घातलेली तंतूंची गादी नीडल लूमखाली जाते. सुई त्रिकोणी असते आणि तिच्या कडांना बारीक काटे असतात. सुई खाली जाताना काटा वरच्या थरातले काही तंतू पकडून आरपार ढकलतो. सुई वर आली की ते तंतू तिथेच अडकून राहतात. गाठ नाही, वीण नाही, केवळ घर्षण. जसजसे दर चौरस सेंटिमीटरचे ठोसे वाढतात, तसतसं कापड मजबूत होतं. एका मर्यादेनंतर मात्र ते कमजोर होऊ लागतं, कारण काटे आता तंतू गुंतवण्यापेक्षा तोडतच जास्त सुटतात. इथे सर्वाधिक ताकदीचा, कमी लांबणारा ताठ तंतू घातला तर तो काट्यावर आधी तुटतो. चांगल्या फेल्टला, म्हणजे अशा सुयांनी गुंतवलेल्या कापडाला, मध्यम ताकदीचा, कुरळा आणि ताणाला पुरेसा लांबणारा तंतू मानवतो, आणि त्यावर नेमकं घर्षण ठेवणारं फिनिश लागतं. ते तेलकट झालं की तंतू सरकतात आणि कोरडं पडलं की तुटतात.

यावर रास्त आक्षेप असा की ताकद म्हणजे वजनाची आणि पैशाची बचत; ती सोडायची भाषा परवडते कुणाला? भार उचलायच्या पट्ट्यांत हा मुद्दा मला मान्य आहे. तिथे ग्रॅम प्रति डेनिअर खरोखरच पैसा वाचवतो. पण त्याच पट्ट्यांचं युरोपीय मानक पाहा. पट्टीवर जितका भार लिहिला असेल त्याच्या सातपट भार पेलण्याची ताकद तिच्यात असावी लागते. घासणं, ऊन, धारदार कडा ही ताकद खाणार, हे गृहीत धरूनच तो हिशेब मांडलेला आहे. सिमेंट कारखान्यातल्या फिल्टर बॅगेत तर नव्या कापडाची ताकद फारसं काही सांगतच नाही. कोरड्या हवेत पॉलिस्टर फेल्ट एकशेतीस अंशांच्या आसपासही टिकतं. त्याच तापमानात वाफ असेल तर एस्टर बंध तुटत जातात आणि बॅग कागदासारखी फाटते. तिथे कमी ताकदीचं ॲक्रिलिक फेल्ट जास्त दिवस काढतं.

दुसरा आक्षेप पॉलिप्रॉपिलीनवाल्यांचा. ते स्वस्त आहे, हलकं आहे, अल्कलीला दाद देत नाही. सगळं खरं. पण वर्षानुवर्षं सतत ओढ असलेल्या जागी, उदाहरणार्थ उंच भरावाच्या भिंतीआड, ते हळूहळू लांबत राहतं. पॉलिस्टर त्या मानाने स्थिर राहतं. फ्रान्समधल्या व्हालक्रो धरणात १९७० मध्ये गाळणी म्हणून नीडल पंच पॉलिस्टर वापरलं गेलं, आणि अनेक वर्षांनी उकरून काढलेले त्याचे तुकडे चांगल्या स्थितीत सापडले. मात्र चुना मिसळलेल्या मातीत किंवा ताज्या काँक्रीटला लागून मी पॉलिस्टर सुचवणार नाही. तिथे पॉलिप्रॉपिलीनच घ्यावं.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ खरेदी जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) आणि तुटण्याच्या ताकदीवर होते. अमेरिकेच्या फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनने माती बांधून धरायच्या पॉलिस्टरसाठी आणखी दोन गोष्टी मागितल्या आहेत: सरासरी रेणुभार पंचवीस हजारांहून जास्त, आणि साखळीच्या टोकांवरचे कार्बोक्सिल गट किलोमागे तीस मिलिमोलहून कमी. असे गट जितके जास्त, तितकं पाणी साखळी लवकर तोडतं. हे दोन्ही आकडे प्रयोगशाळेत मोजता येतात. घाट उतरणाऱ्या रस्त्यांच्या भरावात पॉलिस्टर पुरणाऱ्या प्रत्येक निविदेत ताकदीच्या रकान्याच्या आधी हे दोन रकाने असावेत. ते भरता आले नाहीत, तर माल कितीही ग्रॅम प्रति डेनिअरचा असो, तो परत पाठवावा.