न फिरणारा आस

सायकलीचे चाक खोलणे ही आमच्या वसईच्या वाडीपट्ट्यात कोणी मुद्दाम शिकवण्याची विद्या नव्हती. भाजीच्या पाट्या आणि केळीचे घड सायकलीवर लादून पहाटेच्या गाडीसाठी स्टेशन गाठणाऱ्या घरांत पाना व पंप ही कोयत्याइतकीच घरची हत्यारे. विजेची सायकल आली आणि हे घरचे ज्ञान उंबरठ्यापाशीच थबकले.

आम्हां उभयतांचे गुडघे कुरकुरू लागल्यावर आम्ही अशी सायकल घेतली. 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर, ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग; त्यामुळे परवाना नको, नोंदणी नको. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवलेली. तिचे वजन आणि ओढ दोन्ही सोसून मागचे टायर गुळगुळीत झाले. नाक्यावरच्या मिस्त्रीकाकांनी हात जोडले. "चाकात करंट आहे. काही बिघडलं तर भरपाई मी कुठून देऊ?" विक्रेत्याने सायकल आठ दिवस ठेवून जाण्यास सांगितले. पण पलीकडच्या गावात अंथरुणाला खिळलेल्या आईला रोज सकाळी भरवायला आमची मंडळी त्याच सायकलीवरून जात. आठ दिवस हा आमच्या दृष्टीने लहान काळ नव्हता.

अशी परस्वाधीनता सायकलीला नवी नाही. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने 1888 साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा टायर रिमला चिकटवलेले असे. पंक्चर काढण्यात तासन्‌तास जात आणि पुन्हा चिकटवलेले टायर वाळण्याची वाट पाहावी लागे. 1891 साली फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारे टायर आणले. त्याच वर्षी शार्ल तेरों याने त्या टायरांवर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत जिंकली. हबमधली मोटरही कालची नव्हे. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांचे तिच्याविषयीचे पेटंट 1895 सालचे आहे.

अखेर काकांनाच आम्ही घरी बोलावले. प्रथम बॅटरी उतरवून आत खोलीत नेऊन ठेवली. मग त्या चाकात भिण्याजोगे काही उरले नाही. मोटरची तार आसाच्या टोकातून निघून फ्रेमलगतच्या एका जोडणीला मिळते. जोडणीच्या दोन्ही भागांवर समोरासमोर बाण असतात. ती पिळायची नाही, सरळ ओढायची. तार बांधलेल्या पट्ट्या कापल्या, साखळी सर्वांत लहान चक्रावर घेतली आणि नट सैल करण्यापूर्वी वॉशरांचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवला. चाक जड, एकाने सायकल धरली, दुसऱ्याने चाक उतरवले.

पुढचे काम काकांच्या हातचेच. हवा सोडून टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली की दुसऱ्या बाजूला ढिलाई मिळते आणि पट्टीला जोर लावावा लागत नाही. नवे टायर घेताना बाजूवरचा आकडा जुळवून घेतला होता : 54-584. यातला 584 हा टायर रिमवर जिथे बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. केवळ इंचांवर विसंबले तर एकाच मापाच्या नावाखाली न बसणारे टायर गळ्यात पडते. फिरण्याच्या दिशेचा बाण पाहून टायर चढवले.

चाक परत बसवताना काका थांबले. आसाची टोके बाजूंनी चपटी का, आणि वॉशरला फ्रेमच्या खाचेत बसणारा दात कशासाठी? उत्तर मोटरच्या रचनेत आहे. साध्या सायकलीचा आस केवळ भार वाहतो. इथे मोटरचा गाभा आसाला जखडलेला असतो आणि बाहेरचे कवच चाकाला फिरवते. चाकाला जितक्या जोराने पुढे रेटावे, तितक्याच जोराने आस मागे रेटला जातो. नट ढिला राहिला तर आसच खाचेत गरगरतो आणि तार पिळवटून तोडतो. "म्हणजे हा हलला नाही, तरच चाक चालणार," काका म्हणाले आणि लांब दांड्याचा पाना मागून घेतला.

वाचकहो, केवळ पंक्चर असेल तर एवढा खटाटोपही नको. चाक जागेवर ठेवून टायरची एक कड सोडवावी, ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावावे आणि टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावा. तो राहिला तर ठिगळ व्यर्थ.

सारे काम दीड तासात आटोपले. काकांनी मजुरी साध्या चाकाचीच सांगितली. आम्ही आग्रहाने जास्त दिली. ती नवे शिकण्याची हिंमत धरणाऱ्या हातांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मंडळी डबा घेऊन वेळेवर निघाली. यंत्र विकत घेतल्याने घरात येते खरे. पण ते खोलून पुन्हा जोडणारा माणूस हाकेच्या अंतरावर असेल, तेव्हाच ते आपले होते.